अण्णा, ‘थांबंना का तापायलंय?’ या एका प्रश्नासाठी

अण्णा,

नमस्कार. हे पत्र हातात आणून देता आलं असतं, गॅरेज काही लांब नाही. पण तुम्ही ‘बरं बरं’ म्हणत ते ग्रीसच्या डब्याखाली सारलं असतं आणि पुढं ते वाचलं की नाही, देव जाणे. शिवाय आपल्या सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी उभी राहिली की चाकातून दिसणारे ब्रेकचे लाल कॅलिपर, म्हणजे डिस्कला पॅडनं धरणारे चिमटे, बघून कुणी ना कुणी काच खाली करतंच, ‘ब्रेकचं किट कुठलं? केवढ्याला पडलं?’ त्या सगळ्यांना एकदाच उत्तर मिळावं, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. मुलगी वाचून दाखवेल तेव्हा ऐकून घ्या, मध्येच उठून पाना शोधायला जाऊ नका.

गाडी कुठली ते इतरांसाठी सांगतो. जुनी ऑडी टीटी, दुसऱ्या पिढीतली, दोन लिटर टर्बो. पुढं 312 मिमीच्या डिस्क आणि एका पिस्टनचे सरकते कॅलिपर. होटगी रोडपासून नवी पेठेपर्यंत या ब्रेकना काही म्हणजे काही कमी नव्हतं. अडचण चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर यायची. 3.7 किमीचा ट्रॅक, सरळ रस्त्याच्या शेवटी जोरात दाबायचं, वळायचं, पुन्हा पळवायचं. थोड्या फेऱ्या झाल्या की पेडल मऊ पडायचं आणि खाली जायचं. मग फेरी सोडून गाडी गार करत फिरायचं, बाकीचे शेजारून सूं सूं निघून जायचे.

तुमच्या आधी ज्यांना विचारलं त्यांनी दोनच प्रश्न केले होते, बजेट किती आणि रंग कुठला. तुम्ही चाकसुद्धा काढायला लावलं नाही. स्टुलावर बसूनच म्हणालात, “थांबंना, का तापायलंय? ते सांग की बे आधी.” म्हणजे गाडी थांबत नाही, की ब्रेक तापतोय?

अण्णा, माझे आभार मुख्यतः या प्रश्नाचे आहेत. बाकीचं सगळं त्यातूनच निघालं.

मोकळ्या रस्त्यावर एकदा जीव खाऊन ब्रेक दाबला आणि एबीएस खडखडायला लागलं, तर चाक लॉक करण्याइतकी ताकद ब्रेकमध्ये आहेच. तिथं कमी पडतोय तो टायर. सहा पिस्टनचं किट बसवलं तरी तो एक थांबा आखूड होणार नाही, चांगले टायर घातले तर होईल. पण एकामागून एक दाबताना तिसऱ्या-चौथ्या वेळी पेडल बदलत असेल, तर ती उष्णतेची गोष्ट. हे तुम्ही मला ट्रकवरून समजावलंत. तुळजापूरचा घाट उतरताना लोड गाडी गिअरवर न धरता नुसत्या ब्रेकवर सोडली की खाली येईतो ड्रम तापून ब्रेक लागेनासा होतो. त्या ड्रायव्हरला मोठा ड्रम विकून काय उपयोग, आधी गिअर शिकव, असं तुमचं म्हणणं.

घरी येऊन मी हिशेब मांडला. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. ड्रायव्हरसकट 1400 किलोची गाडी 160 वरून 60 वर आणायची तर जवळपास 12 लाख ज्यूल उष्णता होते. त्यातली बरीचशी पुढच्या दोन डिस्कवर पडते, म्हणजे एका दाबात डिस्क शंभर-सव्वाशे अंशांनी वर चढते. ती गार व्हायच्या आत पुढचं वळण आलेलं असतं. मोठी, जाड डिस्क इथं कामाला येते. ती जाड तव्यासारखी, तापायला वेळ घेते.

तरीही तुम्ही किट मागवू दिलं नाहीत. आधी ब्रेक ऑइल. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या बाटलीतून काढलेलं जुनं ऑइल तुम्ही उन्हात धरून दाखवलंत, चहाच्या रंगाचं. हे ऑइल हवेतला ओलावा पितं, आणि प्यालेल्या ऑइलचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट 4 या प्रतीचा किमान आकडा ताज्या ऑइलला 230 अंश, ओल्याला 155. डॉट 5.1 चे आकडे 260 आणि 180. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दबते, पेडल खाली जातं. माझं मऊ पेडल म्हणजे निम्मं तर हेच निघालं. दुसरं, पॅड. घरच्या वापराचे पॅड तेवढ्या तापात पकड सोडतात, तेव्हा पेडल कडक राहतं पण गाडी थांबत नाही. पेडल मऊ की कडक, यावरून ऑइल की पॅड हे ओळखायचं. ही खूण मला आजवर कुणी सांगितली नव्हती.

ऑइल आणि पॅड बदलून पुन्हा चेन्नईला गेलो तेव्हा तुम्ही सांगितल्याप्रमाणे डिस्कच्या कडेला तापमान दाखवणाऱ्या रंगाचे पट्टे ओढले होते. ठरावीक तापमान गाठलं की त्या त्या पट्ट्याचा रंग पांढरट पडतो. परत आल्यावर तुम्ही चष्मा कपाळावर सारून, डिस्कला नाक लावून ते पट्टे बघितलेत. सगळ्यात वरचा, जास्तीत जास्त तापाचा पट्टाही उडाला होता. तेव्हा कुठं म्हणालात, “आता घे बे मोठं.”

मग किट निवडायचं, आणि इथं मला तुमचं खरं कौतुक वाटतं. मी दोन किट हेरून ठेवली होती. एक सहा पिस्टनचं, 355 मिमीच्या डिस्कचं, दिसायला राजबिंडं. दुसरं चार पिस्टनचं, 330 मिमीचं. पिस्टनचा जोर त्याच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर ठरतो, म्हणून तुम्ही खडू घेऊन फरशीवर नुसते वर्ग मांडलेत. मूळ कॅलिपरचा पिस्टन 54 मिमीचा, त्याचा वर्ग 2916. पक्क्या, म्हणजे न सरकणाऱ्या कॅलिपरचे एका बाजूचेच पिस्टन मोजायचे. चार पिस्टनवाल्यात एका बाजूला 36 आणि 40, वर्गांची बेरीज 2896. म्हणजे होतं तेवढंच. सहा पिस्टनवाल्यात 30, 34, 38, बेरीज 3500. इथंच वीस टक्के जास्त, त्यावर डिस्क मोठी म्हणून आणखी पंधराएक टक्के. पुढची चाकं मूळपेक्षा पस्तीस-चाळीस टक्के जोरात धरणार आणि मागची आहेत तशीच राहणार.

“मग मागची काय नुसती वरातीत?” असं विचारलंत.

पुढचा टायर आधीच हद्दीला जातो, मागच्याची पकड वापरलीच जात नाही, आणि लाखभर ओतून गाडी उलट लांब जाऊन थांबू शकते. शिवाय पिस्टनचं क्षेत्रफळ वाढलं की तेवढं ऑइल मास्टर सिलिंडरनं ढकलायला हवं, म्हणजे पेडल आणखी खाली. चार पिस्टनच्या किटनं पुढचा जोर फक्त डिस्कच्या वाढीव त्रिज्येपुरता, सहा-सात टक्के वाढला. पुढच्या-मागच्याचा तोल राहिला. पिस्टनांची संख्या बघून किट घेणाऱ्यांनी हा वर्गांचा हिशेब एकदा करावा, गणित सातवीचं आहे.

चाकाचं माप घेताना तुम्ही माझ्याच कारखान्यातला टॉवेलचा खोका फाडलात. कॅलिपरचा आकार पुठ्ठ्यावर कापून 17 इंची चाकाच्या आत फिरवलात. कडेला जागा आहे हे सगळेच बघतात, तुम्ही आऱ्यांची आतली बाजू बघितलीत. निदान 3 मिमी फट हवी. आणि बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं कुठं येतात ते खडूनं खूण करून ठेवलंत, कारण फिरताना तीच कॅलिपरला घासतात. 355 च्या किटला 18 ची चाकं घ्यावी लागली असती, तो खर्च वेगळाच, आणि चाकाशी वजन वाढलं असतं ते निराळं.

भोकं पाडलेल्या डिस्क मला दिसायला आवडतात, अजूनही आवडतात. पण वारंवार तापून गार होताना तडे भोकांच्या कडेनं सुटतात, म्हणून खाचावाल्या घेतल्या. दोन तुकड्यांच्या, मधला टोप ॲल्युमिनियमचा, बाहेरचं कडं बिडाचं. कडं झिजलं की तेवढंच बदलायचं. ते कडं आणि त्या आकाराचे पॅड पुढची काही वर्षं मिळतील का, हे तुम्ही मला विकणाऱ्याकडून लिहून घ्यायला लावलंत.

आणि धूळ! रेसिंगच्या बऱ्याच कॅलिपरना पिस्टनवर धुळीचं रबर नसतंच, कारण ते वरचेवर उघडले जातात. आपल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मे महिन्यात जी धूळ उडते ती पिस्टनच्या भिंतीला काय करील, हे बाहेरच्या कॅटलॉगला माहीत असायचं कारण नाही. “रबर नसलं तर माघारी पाठव,” एवढं एकच वाक्य तुम्ही फोनवर बोलला होतात.

नकली मालाचं थोडक्यात. ब्रेम्बो या ब्रेक बनवणाऱ्या कंपनीच्या नावाचे नकली कॅलिपर बाजारात फिरतात, कंपनी स्वतःच त्याबद्दल सावध करते. ऑनलाइन निम्म्या किमतीत दिसलं की हुरळून जाऊ नये. ब्रेकच्या बाबतीत तर नाहीच.

बसवायच्या दिवशी काय काय झालं ते सगळं लिहीत नाही. ऑइलची नळी कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टच्या तांब्याच्या वॉशर जुन्या चालणार नाहीत म्हणून पोराला परत पिटाळलंत. टॉर्क पाना दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाहीत. ब्लीड करताना, म्हणजे ऑइलमधली हवा काढताना ‘दाब... धर... सोड’ हे तुमच्या नातवानं इतकं म्हटलं की तो घरीही तेच म्हणत फिरत होता म्हणे. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत हैदराबाद रोडला बोरामणीच्या पुढं जाऊन नवे पॅड डिस्कशी रुळवून घेतले. मागं-पुढं कुणी नाही बघून 100 वरून 20 पर्यंत दाबायचं, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा, आठ-दहा वेळा. मग ब्रेक न लावता गार होईपर्यंत नुसती चालवायची. तापलेली डिस्क पॅडमध्ये धरून उभं राहिलं की पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि पुढं पेडल थरथरतं.

आता निकाल. ट्रॅकवर शेवटच्या फेरीला पेडल पहिल्या फेरीइतकंच वर असतं. सात रस्त्याला गाडी पूर्वी थांबायची तेवढ्याच अंतरात थांबते, हेही खरं. जे काच खाली करून विचारतात त्यांना मी हेच सांगतो आणि त्यांचे चेहरे पडतात.

तुम्ही मजुरीचेच पैसे घेतलेत. खडूच्या हिशेबाचे घ्या म्हटलं तर “तू टॉवेल दे की बे दोन” म्हणालात. दोन कसले, गठ्ठाच पाठवतोय, नाही म्हणू नका. इन्शुरन्सवाल्यांना बदल लेखी कळवलाय, पोच ठेवलीय, तुम्ही दोनदा विचारलं होतं म्हणून सांगतो. ब्रेक ऑइल पावसाळा संपला की बदलायला आणतो. आणि नातवाला हिप्परग्यापर्यंत फिरवून आणायचं कबूल केलंय, या रविवारी त्याला तयार ठेवा. पुढच्या सीटचा पट्टा त्याला पुरेल का ते आधी बघू, नाहीतर मग तुम्हीच बसा.

तुमचा,
टॉवेलवाला