विषय: ‘शेअरसाठी तयार करा’ हे बटण आणि तुम्ही परस्पर बंद केलेली तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

आज दुपारी पाचव्यांदा फोन ठेवला आणि लिहायला बसलो. तुमच्या प्रेझेंटेशनच्या सॉफ्टवेअरमधलं ते बटण काय करतं हे तुम्हाला सांगायला नको. फॉन्ट फाइलमध्येच बसतो, समोरच्याला फाइल जशीच्या तशी दिसते, हे त्याच्याखाली तुम्हीच लिहिलंय.

मी नाशिकला कॉलेज रोडवर बसून शेतकरी कंपन्यांना, क्लासवाल्यांना प्रेझेंटेशन करून देतो. गेल्या आठवड्यात पिंपळगाव बसवंतला गोडी छाटणीवर, म्हणजे द्राक्षाचं फळ धरण्यासाठीच्या छाटणीवर, बैठक होती. आदल्या रात्री तुमचं बटण दाबून फाइल पाठवली. सकाळी पडद्यावर पहिलीच स्लाइड: ‘द्‌राक्‌ष बागेची गोडी छाटणी’. सगळे द्राक्ष बागायतदार समोर, आणि फुटलं ते द्राक्षच. मागून कुणीतरी म्हणालं, “मणीगळ झाली वाटतं.” हशा पिकला. मी सोडून.

कारण मीच शोधलं, तुमच्या माणसांनी नाही. फाइल हलकी व्हावी म्हणून तुम्ही फॉन्टमधली फक्त ‘वापरलेली अक्षरं’ ठेवता. इंग्रजीत खपून जातं. मराठीत ‘क्ष’ साठवला जातो क, पायमोडकी खूण आणि ष असा, आणि जोडाक्षराचं चित्र फॉन्टमध्ये वेगळं असतं. तुम्ही खुणा ठेवल्या, चित्रं फेकून दिली. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 पासून आहे. काल रात्री आलेली नाही.

शिवाय स्लाइडखालच्या माझ्या खासगी टिपाही न विचारता तशाच गेल्या. चौदाव्या स्लाइडखाली होतं, ‘इथे अध्यक्ष उठतील, लांबवतील, घड्याळ दाखवावे’. फाइल उघडली होती अध्यक्षांच्याच कॉम्प्युटरवर. यावर जास्त लिहीत नाही.

आता आजचा फोन. बावीस मिनिटं तुमची धून ऐकल्यावर एक बाई आल्या. हिंदीत म्हणाल्या, सर, आमच्याकडे फाइल ओके दिसतेय. म्हटलं, पहिली ओळ वाचून दाखवा.

“सर, मला मराठी वाचता येत नाही.”

“मग ओके आहे हे कशावरून?”

“अक्षरं दिसतायत ना, सर.”

“दिसतायत, पण मोडलेली आहेत.”

“सर, ती डिझाइन असेल.”

डिझाइन! ते करणारा मीच फोनवर होतो. मग थोडं थांबून त्यांनी उपाय सांगितला: “पुढच्या वेळी तुमचाच लॅपटॉप घेऊन जा ना, सर.” म्हणजे फाइल शेअर करायच्या बटणावर तोडगा काय, तर फाइल शेअरच करू नका. वा! याचे वर्षाचे पैसे आगाऊ घेता तुम्ही. बाईंवर राग नाही, पुढ्यात ठेवलेला कागद त्या वाचत होत्या. तो कागद लिहिणाऱ्याला एकदा पिंपळगावला पाठवा, भाडं मी देतो. (शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. असो.)

फोन ठेवून चार मिनिटं झाली नाहीत तर मेसेज: ‘आपली तक्रार सोडवली आहे. आम्हाला किती तारे द्याल?’

सध्या मी सगळं पीडीएफ करून पाठवतो. अक्षरं शाबूत राहतात, पण व्हिडिओ जातो, आणि काडी कितव्या डोळ्यावर (फूट निघते त्या जागी) कापायची हे शेतकऱ्याला व्हिडिओतच नीट कळतं. इतकी वर्षं लोकांना तुमचंच सॉफ्टवेअर घ्या म्हणून सांगत आलो, त्याची आता लाज वाटते.

तक्रार पुन्हा उघडा. अख्खा फॉन्ट बसवायची सोय द्या, आणि टिपा पाठवण्याआधी विचारा. पुन्हा सांगतो, जोडाक्षरं मोडतात, आणि ती डिझाइन नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या कायद्याप्रमाणे मी राहतो तिथेच, म्हणजे नाशिकलाच, तक्रार दाखल करता येते. पडद्याचा फोटो जोडीनच. तिथे तो वाचता येणारी माणसं बसतात.

तुमचा (अजून तरी) ग्राहक,
नाशिक