तक्रार पत्र: ७७७ म्हणजे दुरुस्ती नव्हे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: बँकेची फाईल तयार न होणे आणि दुरुस्तीच्या नावाखाली सर्व्हरवरच्या परवानग्या सर्वांना खुल्या करणे

स.न.वि.वि.

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. सौदे उरकून पट्ट्या (शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचे हिशोब) तयार झाल्या की संध्याकाळी सर्व्हरवरचं मायएसक्यूएल, म्हणजे आमचा हिशोब साठवणारं डेटाबेस सॉफ्टवेअर, त्या दिवसाच्या रकमांची सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाईल काढतं आणि ती आम्ही बँकेत चढवतो. शेतकऱ्यांच्या खात्यावर पैसे जातात ते या फाईलवरून.

या सर्व्हरची देखभाल तुमच्या कंपनीकडे आहे. पहिली डिस्क भरत आली म्हणून गेल्या रविवारी तुमच्या इंजिनिअरनी ही फाईल जिथं तयार होते ते फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवलं. सोमवारी संध्याकाळी फाईल निघेना. स्क्रीनवर एकच ओळ: 'ओएस एररनो १३, परमिशन डिनाइड'. समोर बाकावर जत तालुक्यातले एक शेतकरी बसले होते. त्यांची राजापुरी हळद सकाळीच विकली गेली होती. पट्टी चार घड्या घालून खिशात ठेवलेली, दर थोड्या वेळानं काढून बघायचे. शेवटी पैसे न घेताच उठले. आमच्या धंद्यात अडत्याचा शब्दच चालतो, आणि त्या दिवशी तो मोडला.

तुमच्या इंजिनिअरनी फोनवरून सर्व्हरवर येऊन फोल्डरला आतल्या फाइलींसकट ७७७ परवानगी दिली. म्हणजे सर्व्हरवरचा कुठलाही युजर शेतकऱ्यांचे खाते क्रमांक वाचू शकतो, रकमा बदलू शकतो. तरी एरर तीच. मग त्यांनी मायएसक्यूएलच्या कॉन्फिगरेशनच्या (सेटिंग्जच्या) फोल्डरलाही आतल्या फाइलींसकट ७७७ दिलं आणि सर्व्हिस रीस्टार्ट केली. ज्या कॉन्फिगरेशन फाइलीत कुणीही लिहू शकतो ती मायएसक्यूएल वाचतच नाही, बाजूला टाकतं. त्यामुळे नव्या फोल्डरची सिक्युअर-फाईल-प्रिव्ह ही सेटिंगच (फाईल कुठल्या फोल्डरात काढायची मुभा आहे ते सांगणारी) गेली आणि त्या फोल्डरात फाईल काढायला मनाई करणारी एरर १२९० सुरू झाली. एकाचे दोन बिघाड झाले. 'सर्व्हर जुना सोडून नवा घ्या' असा सल्ला वर मिळाला, हे मला फार लागलं. सर्व्हर तुम्हीच दिवाळीनंतर बसवलाय.

मंगळवारी माझा पुतण्या बसला. त्यानं आधी कॉन्फिगरेशनच्या परवानग्या पूर्ववत करून सर्व्हिस रीस्टार्ट केली, मग सिस्टिमचा लॉग (नोंदींची फाईल) उघडला. आमच्या फोल्डरचं नाव आणि शेजारी 'अ‍ॅपआर्मर डिनाइड' हे तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं. त्यानं मला समजावलं ते असं: फाईल लिहितो तो आपल्या लॉगिनचा युजर नव्हे, मायएसक्यूएलचा स्वतःचा युजर. शिवाय उबुंटूवर (सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर) अ‍ॅपआर्मरची वेगळी राखण असते, मायएसक्यूएलनं कुठं लिहायचं याची यादी तिच्याकडे. जुनी जागा त्या यादीत होती, नवी नव्हती. यादीत नाव नसेल तर फोल्डरला ७७७ देऊनही उपयोग नाही. त्यानं अ‍ॅपआर्मरच्या लोकल प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्या यादीतच, नव्या फोल्डरच्या दोन ओळी घातल्या, प्रोफाइल रीलोड केलं, फोल्डरची मालकी मायएसक्यूएलच्या युजरकडे दिली आणि बाकीच्यांची परवानगी काढली. फाईल लगेच निघाली. जे आम्हाला लॉग वाचून कळलं ते वार्षिक देखभालीचे पैसे घेणाऱ्या तुमच्या माणसाला का कळू नये? चुका आमच्याकडूनही होतात, पण हिशोब न बघता आम्ही पट्टी फाडत नाही.

माझी मागणी अशी. तुमचा जाणकार माणूस दुकानात यावा, सर्व्हरवर अजून कुठं कुठं ७७७ राहिलंय ते माझ्यासमोर शोधून परवानग्या मूळ जागी आणाव्यात. त्या दोन दिवसांत कोणकोणत्या कमांड चालवल्या ते लेखी मिळावं. या कामाचं वेगळं बिल लावलंय ते रद्द व्हावं. यापुढं सर्व्हरवर काहीही हलवण्याआधी मला फोन करावा, आणि सौद्याच्या वेळेत हात लावू नये. हळदीचा हंगाम चालू आहे, उद्याही संध्याकाळी फाईल काढायची आहे, म्हणून आठ दिवसांत लेखी उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक अडत व्यापारी
मार्केट यार्ड, सांगली