तक्रार : पहाटेच्या बिलांवर आदल्या दिवसाची तारीख

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : बिलिंग सॉफ्टवेअरमधील तारीख-वेळेचे दोष आणि चुकीची दुरुस्ती

महोदय/महोदया,

१ एप्रिल २०२५ रोजी पहाटे २:१० वाजता काढलेल्या बिलावर ३१ मार्च ही तारीख छापली गेली. आपला सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो. तिथे तेव्हा आदल्या रात्रीचे ८:४० झाले होते. मध्यरात्र ते साडेपाच या वेळेतल्या प्रत्येक बिलाचं रोज हेच होतं, पण या दिवशी आर्थिक वर्षच बदललं. बिलाला जुन्या मालिकेतला क्रमांक मिळाला आणि जीएसटीच्या मार्चच्या विवरणात ते जाऊन बसलं.

देय तारखेचा दोष वेगळा आहे. कॅलेंडरवर १५ एप्रिल निवडली, अगदी भरदुपारी निवडली, तरी एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये १४ येते. ब्राउझरमधून जाणारी विनंती उघडून पाहिली तर त्यात '२०२५-०४-१४टी१८:३०:००झेड' असतं. ही १५ तारखेची आपली मध्यरात्रच आहे, यूटीसीत लिहिलेली. सर्व्हर त्यातली पहिली दहा अक्षरं घेतो आणि बाकीचं टाकून देतो. देय तारखेला मुळात वेळ नसतेच. ती स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत नुसती तारीख म्हणूनच जायला हवी.

यावर आपल्या सपोर्टचं पहिलं उत्तर 'तुमच्या संगणकाचं घड्याळ तपासा' असं होतं. नंतरच्या अपडेटमध्ये बिलाची वेळ साठवताना ३३० मिनिटं मिळवली, पण शेवटचा झेड तसाच ठेवला. झेड म्हणजे यूटीसी, म्हणून आमचा हिशेबाचा प्रोग्राम त्यात पुन्हा साडेपाच तास मिळवतो. परिणामी संध्याकाळी साडेसहानंतरची बिलं आता दुसऱ्या दिवसात जातात. पहाटेचं दुखणं ऐन गिऱ्हाइकीच्या वेळेवर आणून ठेवलंत!

ती ३३० मिनिटं आधी काढून टाका. बिलाचा क्षण यूटीसीतच साठवा, बिलाची तारीख आणि आर्थिक वर्ष मात्र 'आशिया/कोलकाता' या भारतीय वेळेच्या झोननुसार ठरवा. एक्स्पोर्टमध्ये वेळेपुढे +०५:३० लिहा. नुसतं 'आयएसटी' (भारतीय प्रमाणवेळेचं लघुरूप) नको. आयर्लंड आणि इस्रायलही आपापल्या वेळेसाठी तेच लिहितात. चाचणीसाठी ३१ मार्चची २३:५९, १ एप्रिलची ००:००, ०५:२९ आणि ०५:३० या वेळा पुरेशा आहेत.

जुन्या नोंदी सरसकट साडेपाच तास मागेपुढे करू नयेत. अपडेटपूर्वीच्या वेळा बरोबर आहेत, नंतरच्याच बिघडल्या आहेत. अपडेट आमच्या खात्यावर नेमकं कधी लागू झालं, ती तारीख आणि वेळ झोनसकट लेखी कळवावी.

कळावे,
आपला ग्राहक