श्रीपाद चढून आले

कोलंबो

आदरणीय बाबा आणि प्रिय आई,
सविनय जय भीम.

फोनवर मुद्दामच बोलले नाही, आईने रात्र जागून काढली असती. दुरुतु पोयाला, म्हणजे आपल्या पौष पौर्णिमेला, मी श्रीपाद हा डोंगर चढून आले. हो, रात्रीच. सोबत ऑफिसातल्या दोघी होत्या आणि त्यांच्यापैकी एकीची आजी, सत्तरीच्या पुढची.

ही यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेपासून वैशाखीपर्यंत चालते. हॅटनहून बसने पायथ्याच्या नल्लतन्नियाला जायचं, तिथून ५,००० च्या वर पायऱ्या. उंची २,२४३ मीटर, कळसूबाईहून जवळपास ६०० जास्त.

बाबा, तुमचा प्रश्न इथे ऐकू येतोय. शिखरावरचं दगडातलं पाऊल आणि डोंगराचा रक्षक सुमन समन देव, बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञांत हे कुठे बसतं? नाही बसत. तिसऱ्या लंकाभेटीत बुद्धांनी ते पाऊल उमटवलं अशी इथली श्रद्धा. हिंदू तेच शिवाचं म्हणतात, मुसलमान आदमचं. समनच्या देवळापुढे मी हात जोडले नाहीत. आजीच्या ते लक्षात आलं, पण ती काही बोलली नाही.

तिची चढण्याची तऱ्हा मात्र बघायला हवी होती. वीसेक पायऱ्या, मग कठडा धरून थांबायचं, गुडघ्यांना बाम चोळायचा. दम लागला की ती गायला लागायची. चढणारे गातात, ‘वंदायला निघालेल्या या मेळ्याला समन देव पावो’. उतरणाऱ्यांसाठी ‘वंदून उतरणाऱ्या’ म्हणतात. सिंहलीत शब्द आहे ‘वंदिन्नट’. आपलंच वंदन की! वाटेतल्या इंदिकटुपान या ठिकाणी तिने सुईदोरा काढला आणि वाटेवर पांढरा दोरा सोडत गेली. बुद्धांनी तिथे आपलं चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, शिवलं म्हणतात.

वर घंटा आहे. जितक्यांदा चढलात तितके टोल द्यायचे. आजीने नऊ दिले, मी एक.

सूर्य उगवला तेव्हा पश्चिमेच्या धुक्यावर डोंगराची त्रिकोणी सावली पडली. आजी त्रिशरण म्हणू लागली. चाल वेगळी, पण शब्द तेच, म्हणून मीही म्हटलं. तिने थांबून विचारलं, कुठे शिकलीस? म्हटलं, आई रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून म्हणायची. मग सगळी पांढऱ्या कपड्यांतली गर्दी एकदमच म्हणाली, साधु, साधु, साधु. आई, अगदी आपल्या विहारासारखं.

उतरताना माझे गुडघे बोलायला लागले, आजीचे नाही.

बाबा, पावलावरून वाद घालायचा असेल तर वैशाखीच्या आत या. गुडघ्याचा पट्टा आणा, अर्ध्यातून परत फिरलो तरी चालेल.

तुमची,
मुलगी