विषय: सदनिका २०४ व ३०४ मधील गळतीचा वाद कोर्टाआधी मध्यस्थीकडे देण्याबाबत

मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती

महोदय,
सप्रेम नमस्कार.

३०४च्या न्हाणीघराखाली २०४चे छत ओले होत आहे आणि हा वाद कोर्टात नेण्याचा ठराव येत्या सभेपुढे आहे. तो पुढे ढकलून आधी मध्यस्थी करून पाहावी, ही आम्हा सभासदांची कळकळीची विनंती.

दावा चालू आहे म्हणून स्लॅब वाळत नाही. कोर्ट कमिशनर (जागेची पाहणी करून कोर्टाला अहवाल देणारा माणूस) नेमा, त्याची पाहणी, अहवालावर हरकती. तोवर पाणी सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि प्लास्टर सुटते. शिवाय निकालात दोष कोणाचा आणि भरपाई किती, एवढेच ठरेल. न्हाणी फोडल्यावर वरच्यांनी अंघोळीला कुठे जायचे, किल्ली कोणाकडे ठेवायची, मुलांच्या परीक्षेत काम थांबवायचे का, हे दोन्ही घरांनाच समोरासमोर बसून ठरवावे लागेल.

त्याआधी गळतीचा उगम पक्का करा. दोघांनी आपापला प्लंबर आणला की दोन अहवाल येतात आणि भांडण वाढते. दोघांना मान्य असा एकच माणूस घ्या आणि चाचणी दोघांसमोर करा. वापर नसतानाही थेंब पडत असेल तर संशय नळाच्या लाइनवर. अंघोळीनंतरच ओल वाढत असेल तर ट्रॅप (फरशीतली सांडपाण्याची जाळी व तिच्याखालचा सांधा) किंवा वॉटरप्रूफिंगवर. मग ट्रॅपचे तोंड घट्ट बंद करून फरशीवर दीड-दोन इंच पाणी ४८ तास उभे ठेवावे. खाली ओल आली तर वॉटरप्रूफिंग गेले आहे. नाही आली तर ट्रॅप उघडून पाणी सोडावे आणि सांधे पाहावेत. डक्टमधला (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतला) सामायिक पाइप गळत निघाला तर गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) तो खर्च संस्थेचा. घरातल्या संडास-सिंकची गळती सभासदाची. म्हणजे संस्थाही पक्षकार होऊ शकते. म्हणून समितीतल्या कोणीही मध्यस्थ होऊ नये, कितीही तळमळ असली तरी.

मध्यस्थीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व प्रकरण म्हणून अर्ज करता येतो, त्याला कोर्ट फी नाही. मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोघांना एकत्र ऐकतो, मग वेगवेगळे. वेगळ्या बैठकीतले बोलणे परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगत नाही. हे बोलणे व्हॉट्सअॅप ग्रुपवर आले की पुढच्या बैठकीत कोणी मोकळे बोलत नाही, म्हणून ते तिथे न टाकण्याची जबाबदारी आपण सगळ्यांनी घ्यावी. ३०४मध्ये भाडेकरू राहत असल्याने मालकाने स्वतः यावे, नाहीतर किती रुपयांपर्यंत कबूल करायचे याचे लेखी अधिकारपत्र द्यावे. निर्णयाचा अधिकार नसलेला माणूस बसला की बैठक वाया जाते.

तडजोडीत ‘लवकरात लवकर दुरुस्ती’ असे शब्द नकोत. काम सुरू आणि पूर्ण होण्याच्या तारखा, ठेकेदार, पैशांचे टप्पे, हमीचा काळ आणि पद्धत लिहावी: टाइल्स व जुना कोबा (टाइल्सखालचा भरावाचा थर) काढणे, नवे वॉटरप्रूफिंग, टाइल्स बसवण्याआधी पुन्हा ४८ तास पाणी. टाइल्सच्या फटींत नुसते केमिकल भरले तर ओल थोड्याच दिवसांत परत येते. २०४चे छत पूर्ण वाळल्यावरच रंगवावे. ओल्या प्लास्टरवरचा रंग सोलतो, दुरुस्ती फसली असे वाटते आणि वाद पुन्हा पेटतो.

ही तडजोड लोकअदालतीत नोंदवून घ्यावी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७च्या कलम २१नुसार तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो आणि त्यावर अपील नसते. नुसत्या सह्यांच्या कागदाला तो जोर नाही.

देखभाल शुल्काची थकबाकी यात मिसळू नये. तिच्या वसुलीसाठी सहकार कायद्यात कलम १५४ब-२९ आहे. आणि छतातली सळई उघडी पडली असेल तर मध्यस्थीची वाट न पाहता आजच टेकू लावून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे.

सभेआधी चाचणीची तारीख दोन्ही सदनिकांना लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
बी विंगमधील सभासद