मालिश फक्त बाळाला आणि दिवाळीलाच का?

संपादकसाहेब, नमस्कार.

आपल्या पेपरात गुडघेदुखी-पाठदुखीवर बरंच छापून येतं, गोळ्या, पट्टे, ऑपरेशन सगळं, पण मालिशबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून हे पत्र. आपल्याकडे बाळाला रोज मालिश, बाळंतिणीला सव्वा महिना, कोल्हापूरच्या तालमीत पैलवानांना मेहनतीनंतर, आणि बाकीचे आपण सगळे डायरेक्ट नरकचतुर्दशीला, तेही पहाटेच्या घाईत. आयुर्वेदाचे जुने आचार्य वाग्भट, त्यांनी तर अष्टांगहृदय या ग्रंथात अभ्यंग म्हणजे तेलाची मालिश रोजच्या दिनचर्येतच घातलीय, डोकं, कान आणि पाय यांच्याकडे खास लक्ष द्या म्हणून.

माझ्या आईचे दोन्ही गुडघे झिजलेत. आधी बाळंतिणींची मालिश करायच्या त्या एक मावशी आता दर रविवारी आईकडे येतात, कोमट तिळाचं तेल लावून मांड्या, पोटऱ्या, कंबर, तळपाय सगळं नीट चोळून देतात. गुडघा बरा झाला असं मी म्हणणार नाही, झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, मालिशने भरून येत नाही, पण आईला रात्री झोप लागते, जिना उतरताना चेहरा वाकडा होत नाही, आणि मावशी गावाला गेल्या की फरक लगेच दिसतो.

हा काही आमच्याच घरचा अनुभव नाही. अमेरिकेत गुडघ्याच्या संधिवाताच्या 125 पेशंटवर झालेला एक अभ्यास 2012 साली छापून आलाय, त्यात 8 आठवडे तासभराचा मसाज मिळालेल्यांचं दुखणं नेहमीच्या उपचारांपेक्षा बरंच कमी झालं, आणि आठवड्यातून एकदा तेवढं पुरतं असं निघालं. पण 24 व्या आठवड्यात पाहिलं तर दोन्हीकडे सारखंच, म्हणजे मसाज थांबला आणि फायदाही गेला. म्हणूनच मी नियमित या शब्दावर अडून बसलेय. दुखतं म्हणून आपण हलत नाही, हललो नाही की स्नायू अजून आखडतात आणि अजून दुखतं, मालिशने ते जरा सैल पडतं आणि मग डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तरी करवतो. व्यायाम सोडून मालिश असं मात्र नको. आणि एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर त्याला हातसुद्धा लावू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते, आधी डॉक्टर.

खरी गरज कोणाला आहे बघा, एसटीचे ड्रायव्हर, माथाडी कामगार, दिवसभर पेशंट उचलणाऱ्या नर्स, भातलावणीला वाकून वाकून कंबर गेलेल्या बायका. त्यांना मॉलमधला स्पा परवडणारे का? जपानमध्ये सुगियामा वाइची या अंध वैद्याने सतराव्या शतकात अंधांना अॅक्युपंक्चर आणि मसाज शिकवायला शाळा काढल्या, तिथे आजही कितीतरी अंध माणसं लायसन्स घेऊन हे काम करतात. आपल्या महापालिकांनी विरंगुळा केंद्रांत आठवड्यातून एक दिवस ट्रेनिंग घेतलेले मालिश करणारे ठेवले, त्यात अंध थेरपिस्ट घेतले, आमच्या मावशींसारख्या बायकांना थोडं शास्त्रशुद्ध शिकवून सर्टिफिकेट आणि नीट मोबदला दिला, तर फार मोठा खर्च नाहीये हो. आपल्या पेपरने हा विषय पालिकेपुढे मांडावा एवढी मनापासून विनंती.

आपली,
एक वाचक, डोंबिवली