तिबोटी खंड्यासाठी मातीची दरड राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या गावात यंदा पावसाआधी पऱ्याचा, म्हणजे ओढ्याचा, काठ जेसीबीने तासून दगडी पिचिंग केलं, म्हणजे काठावर दगडांचं अस्तर बसवलं. पिचिंगला विरोध नाही. पुरात बांध फुटला की शेतात काय होतं ते आम्हीच निस्तरतो. पण त्याच काठाच्या मातीत दर पावसाळ्यात तिबोटी खंड्या बीळ कोरायचा, हे काम ठरवताना कोणाच्या गावीही नव्हतं.

हा रायगडचा जिल्हा पक्षी. जेमतेम १३ सेंटिमीटर, म्हणजे चिमणीहून लहान. लाल चोच, पिवळं पोट, जांभळट डोकं आणि पायाला तीनच बोटं. सीक्स या प्रजातीतले त्याचे बहुतेक भाऊबंद फिलिपिन्स, इंडोनेशिया, सॉलोमन बेटांवरच्या पावसाळी जंगलांत राहतात. हा मात्र जूनमध्ये कोकणात येतो आणि सप्टेंबरपर्यंत पिल्लं वाढवतो. खंड्या असला तरी नुसत्या माशांवर भागवत नाही. सापसुरळी पकडायची, फांदीवर आपटून आपटून ढिली करायची, मग ती आडवी धरून बिळाशी यायचं. बेडूक, खेकडे, नाकतोडे असंही चालतं. ओल पडली की हे सगळं मुबलक मिळतं, म्हणूनच त्याचा हंगाम पावसातला.

त्याला घरटं लागतं ते उभ्या, मऊ मातीच्या दरडीत. आडवं बीळ मीटरभरही आत जातं. पिचिंगचा दगड त्याच्या चोचीने फुटणार आहे थोडाच!

वाचलेल्या दरडींसमोर आता कॅमेरेवाले ठाण मांडतात. बिळासमोर सोयीची काठी रोवायची, आडव्या येणाऱ्या फांद्या छाटायच्या, आणि पक्षी चोचीत घास घेऊन लांबच ताटकळतोय हे दिसत असूनही हलायचं नाही. याला पक्षिप्रेम म्हणवत नाही.

मागणी साधी आहे. जिथे शेताला वा घराला धोका नाही तिथे सावलीतली थोडी दरड कच्ची सोडावी, आणि जून ते सप्टेंबर काठाला यंत्र लावू नये. अंदाजपत्रकासाठी पाहणी होते ती मार्च-एप्रिलमध्ये, तेव्हा पक्षी इथे नसतोच. जागा बघायला संबंधितांनी एकदा ऑगस्टमध्येही यावं. छत्री आणि जळवांसाठी मीठ आम्ही देऊ.

— एक वाचक, ता. माणगाव, जि. रायगड